दोरनाकलचे बिशप अझरिया

आमच्या आदिलाबादहून दोरनाकलला जायचे म्हणजे एक दिवस मोडतो. पहाटेच्या बसने इंद्रवेल्ली, उटनूर करीत जंगलातून मंचेरियाल गाठायचे आणि तिथे काझीपेठच्या बाजूची रेल्वे धरायची. वरंगल गेले, महबूबाबाद गेले, की दोरनाकल जंक्शन येते. २०१६ साली आमच्या जुन्या जिल्ह्याचे चार जिल्हे झाले आणि मंचेरियाल वेगळे पडले. वाट मात्र तीच राहिली. ह्याच गावात ते उपासनामंदिर आहे. त्याला घुमट आहेत, मनोरे आहेत, कोरीव दगडी खांब आहेत, आणि कमळाच्या फुलाजवळ क्रूस कोरलेला आहे. पहिल्यांदा पाहणाऱ्याला ही मशीद की देऊळ असा प्रश्न पडावा. ज्यांनी ते बांधविले त्यांना नेमके हेच हवे होते. निजामाच्या राज्यात राहणाऱ्या तेलुगू शेतमजुराला प्रभूच्या घरात शिरताना आपण परक्याच्या घरात शिरतो आहोत असे वाटू नये, हा त्यांचा विचार होता.

हे बिशप अझरिया. टिळक आणि पंडिता रमाबाई ह्यांची नावे आपल्या मराठी मंडळ्यांत लहान मुलांनाही ठाऊक असतात. अझरियांचे नाव काढले, तर ते कोण, असे वडीलधारी माणसेही विचारतात. आम्ही ईश्वरज्ञानाच्या पदविकेचा अभ्यास केला तेव्हा आम्हालाही ते पाठ्यपुस्तकातल्या अर्ध्या पानापुरतेच भेटले होते. वास्तविक आदिलाबाद आणि दोरनाकल ही दोन्ही त्या काळी एकाच निजामाच्या राज्यात होती, आणि त्यांच्या आयुष्यातला सर्वात अवघड प्रश्न त्यांना एका मराठी माणसाने विचारला होता. त्या प्रश्नाकडे आम्ही पुढे येऊ.

वेदनायकम सॅम्युएल अझरिया ह्यांचा जन्म १७ ऑगस्ट १८७४ रोजी मद्रास इलाख्याच्या दक्षिण टोकाला, तिनेवेल्ली जिल्ह्यातील वेल्लालनविळै ह्या खेड्यात झाला. वडील थॉमस वेदनायकम खेड्याचे पाळक होते. आईने पुष्कळ वर्षे प्रार्थना करून हा मुलगा मागून घेतला होता, म्हणून हन्नेच्या मुलाचे नाव त्याला मिळाले. अझरिया म्हणजे आपल्या पवित्र शास्त्रातला अजऱ्या, दानिएलाचा सोबती, ज्याला अग्नीच्या भट्टीत टाकले तो. घराणे नाडार जातीचे. ह्या लोकांना तेव्हा शानार म्हणत. ताडाच्या झाडावर चढून रस काढायचा आणि त्याचा गूळ करायचा, हा त्यांचा धंदा. त्यांना देवळात प्रवेश नव्हता. शेजारच्या त्रावणकोरात तर त्यांच्या स्त्रियांनी छाती झाकावी की नाही ह्यावरून एकोणिसाव्या शतकात दंगली झाल्या. तेव्हा जातीचा जाच म्हणजे काय हे अझरियांना पुस्तकात शोधावे लागले नाही. मात्र एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नाडार स्वतः दबलेले असले तरी त्यांच्याही खाली माणसे होती, आणि तिनेवेल्लीच्या ख्रिस्ती मंडळ्यांत ही उतरंड बाप्तिस्म्यानंतरही मोडली नव्हती.

मद्रासच्या ख्रिश्चन कॉलेजात ते गणित शिकले. ऐन परीक्षेच्या वेळी आजारी पडले आणि पदवी राहिली ती राहिलीच. १८९५ साली ते वाय.एम.सी.ए.चे सचिव झाले आणि दक्षिण भारतभर फिरू लागले. ह्याच कामात त्यांची शेरवुड एडी ह्या अमेरिकन तरुणाशी गाठ पडली. दोघे एकत्र प्रवास करीत, एकत्र प्रार्थना करीत, एकत्र जेवत. गोरा माणूस आणि काळा माणूस एका ताटाजवळ बसल्याने कुणाचे काही बिघडत नाही हे अझरियांनी अनुभवाने जाणले होते. पुढे ते एडिनबरोला जे बोलले त्यामागे ह्या मैत्रीचे पाठबळ होते असे आम्हाला वाटते. ज्याला एकही खरा मित्र मिळालेला नाही तो कदाचित नुसता रागावला असता. १८९८ साली त्यांनी अन्बू मरियम्माळ ह्या शिकलेल्या मुलीशी हुंडा न घेता विवाह केला. आज आपल्या मंडळ्यांत काय चालते ते वाचक जाणतातच.

१९०२ साली ते श्रीलंकेत जाफन्याला गेले. तेथील तमिळ ख्रिस्ती लोक स्वतःच्या पैशाने सुवार्तिक पाठवितात हे पाहून त्यांना आपल्या तिनेवेल्लीची लाज वाटली. हजारो ख्रिस्ती कुटुंबे, पिढ्यानपिढ्यांची मंडळी, आणि एकही मिशनरी बाहेर पाठविलेला नाही! १९०३ साली त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी तिनेवेल्लीची इंडियन मिशनरी सोसायटी स्थापन केली, आणि काम करण्यासाठी जागा निवडली ती शेकडो मैल दूर, परक्या भाषेची, निजामाच्या तेलंगणातली. १९०५ च्या नाताळच्या दिवशी सेरामपूरला, विल्यम कॅरींच्या गावी, नॅशनल मिशनरी सोसायटी निघाली. तिच्या स्थापनेतही ते होते. माणसे भारतीय, पैसा भारतीय, कारभार भारतीय, असे तिचे धोरण होते. १९०९ साली अझरिया स्वतः पाळकपदाची दीक्षा घेऊन दोरनाकलला राहायला आले. वाय.एम.सी.ए.तली मानाची जागा सोडून ते तंबूत राहिले, वयाच्या पस्तिशीत तेलुगू शिकू लागले, आणि बैलगाडीने किंवा सायकलने खेडोपाडी जाऊ लागले.

१९१० च्या जून महिन्यात स्कॉटलंडमध्ये एडिनबरो येथे जागतिक मिशनरी परिषद भरली. सुमारे १,२०० प्रतिनिधी जमले होते. त्यांत आशिया खंडातले वीसदेखील नव्हते. परदेशी आणि देशी कामकरी ह्यांच्या सहकार्यावर बोलण्याचे काम अझरियांकडे आले. बहुतेकांची अपेक्षा अशी असावी की हा तरुण पाळक मिशनरींचे आभार मानील आणि खाली बसेल. त्यांनी आभार मानलेही, मनापासून मानले. मिशनऱ्यांच्या त्यागाची, त्यांच्या कबरींची आठवण भारतीय ख्रिस्ती मंडळी पिढ्यानपिढ्या ठेवील असे ते बोलले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. कित्येक वर्षे भारतात राहूनही आपल्या भारतीय सहकाऱ्याच्या घरी कधी न गेलेले, त्याला कधी जेवायला न बोलावलेले मिशनरी आहेत, हे त्यांनी त्या सभेपुढे सरळ मांडले. पगार देणारा आणि पगार घेणारा एवढेच नाते राहिले तर ख्रिस्ताचे शरीर कसे उभे राहणार, असा त्यांचा मुद्दा होता. शेवटी त्यांनी जे मागितले ते पैसा नव्हे, प्रेमाचे उपदेशही नव्हेत. त्यांनी मैत्री मागितली. सभागृहात अस्वस्थता पसरली. काही मिशनरी दुखावले. काहींना मात्र ते बोलणे जन्मभर विसरता आले नाही.

वर्णभेदाची गोष्ट साहेबांना त्यांच्याच घरी जाऊन सांगणारे अझरिया ३६ वर्षांचेही नव्हते.

दोन वर्षांनी, २९ डिसेंबर १९१२ रोजी, कलकत्त्याच्या सेंट पॉल कॅथेड्रलमध्ये त्यांना बिशपपदाची दीक्षा मिळाली. अँग्लिकन मंडळीतले ते पहिले भारतीय बिशप. मद्रासचे बिशप व्हाइटहेड ह्यांनी त्यासाठी फार खटपट केली होती. गोरे पाळक काळ्या बिशपाच्या हाताखाली काम करणार कसे, ही एक अडचण उघड बोलली जात होती. दुसरी अडचण तितकी उघड नव्हती, पण आपल्याला ती जास्त झोंबावी. नाडार माणूस आपल्यावर बिशप म्हणून बसावा हे तिनेवेल्लीतल्या काही वरच्या जातींच्या ख्रिस्ती लोकांनाही मानवत नव्हते. म्हणून दूर निजामाच्या मुलखातला लहानसा, गरीब प्रांत त्यांच्या वाट्याला आला. पुढे त्यांचे काम पाहून कृष्णा-गोदावरीच्या मुखाकडचा मोठा मुलूखही जोडण्यात आला आणि तेथील इंग्रज मिशनरी त्यांच्या हाताखाली आले. १९२० साली केंब्रिज विद्यापीठाने त्यांना सन्मानाची पदवी दिली. पण एक गोष्ट सांगायलाच हवी. १९१२ पासून १९४५ पर्यंत, त्यांच्या मृत्यूपर्यंत, स्वतंत्र प्रांत सांभाळणारे अँग्लिकन भारतीय बिशप ते एकटेच होते. एका माणसासाठी दार उघडायचे आणि मागून लावून घ्यायचे, असा हा प्रकार झाला.

दोरनाकलच्या आसपासचे लोक बहुतेक माला आणि मादिगा जातींचे. मराठी वाचकाला समजावे म्हणून सांगतो, आपल्याकडे महार आणि मांग जसे, तसे हे. माला शेतमजुरी आणि विणकाम करीत. मादिगा मेलेली ढोरे ओढीत, कातडी कमावीत. दोघेही गावाबाहेर राहत आणि दोघेही जमीनदार दोरांची वेठबिगार करीत. वेठीला जाऊन पदरात काय पडायचे, तर शिव्या आणि उरलेसुरले अन्न. अशा लोकांत बिशप अझरिया रात्रीच्या सभा घेत, कारण दिवसा त्यांना मोकळीक नसे. बाप्तिस्म्याच्या आधी महिनोन् महिने शिक्षण चाले. मेलेल्या जनावराचे मांस सोडणे, ताडी सोडणे, मुलाला शाळेत घालणे ह्यांचा आग्रह असे. बाप्तिस्मा घेतलेल्यांना ते स्वतःच्या डोक्यावर हात ठेवायला सांगत आणि आपण बाप्तिस्मा घेतलेला माणूस आहोत, सुवार्ता सांगितली नाही तर आपल्याला धिक्कार असो, अशा अर्थाचे पौलाचे शब्द म्हणून घेत. अक्षर न येणारी म्हातारीही मग सुवार्तिक होई. घरोघरी बायका चूल पेटविताना मूठभर तांदूळ प्रभूसाठी वेगळे काढीत. आपल्या काही मंडळ्यांत अजून मूठ काढतात, त्यांना हे ओळखीचे वाटेल.

दोरनाकलच्या पाळकशाळेत विद्यार्थी शेतात राबत. पाळक झालेला माणूस हाताने काम करायला लाजला तर तो खेड्यातल्या मजुराचा पाळक कसा होणार, असे बिशपांचे म्हणणे होते. विद्यार्थ्यांच्या बायकांनाही सोबतच शिकवीत, आणि ते काम अन्बूबाई पाहत. जातीची भिंत स्वयंपाकघरात उभी असते, आणि स्वयंपाकघराचा ताबा बाईकडे असतो. बाईला वगळून ही भिंत पडत नाही, हे आम्ही आमच्या फिरतीत पुष्कळदा पाहिले आहे.

कामाचा विस्तार झाला. १९३० नंतर काही गावांत एक नवल घडले. शूद्र मानलेल्या शेतकरी जातींची माणसेही ख्रिस्ती होऊ लागली. कारण विचारल्यावर ती म्हणत की आमच्या शेतावरचे माला-मादिगा बदललेले आम्ही डोळ्यांनी पाहिले. अझरियांच्या अखेरीच्या काळात त्यांच्या प्रांतात दोन लाखांच्या पुढे ख्रिस्ती लोक होते. पण आकड्यांनी भुलून जाऊ नये. माला आणि मादिगा एका प्रभूचे झाले, तरी अनेक खेड्यांत ते एका विहिरीचे झाले नाहीत. ज्या गावात आधी माला ख्रिस्ती झाले तिथे मादिगा यायला कचरत, आणि उलटही होई. लग्न तर दूरच. शिक्षकांच्या आणि पाळकांच्या जागा कुणाला मिळतात ह्यावरून कुरबुरी चालत. बिशप दोघांना एकाच प्याल्यातून प्रभुभोजन देत राहिले, एकाच वसतिगृहात मुले ठेवीत राहिले. तक्रारी मात्र शेवटपर्यंत मिटल्या नाहीत.

राजकारणात त्यांची एक भूमिका पुष्कळ ख्रिस्ती पुढाऱ्यांना रुचली नाही. १९३२ साली सरकारने जातवार निवाडा जाहीर केला. ख्रिस्ती लोकांनाही वेगळे मतदारसंघ देऊ केले. अझरियांनी त्याला विरोध केला. मंडळी म्हणजे आपल्या हक्कांच्या भिंतीआड बसलेली आणखी एक जात नव्हे, ती सर्वांसाठी आहे, असे ते मानीत. त्याच दशकात गांधीजींशीही त्यांचे खटके उडाले. दलितांची धर्मांतरे ही आमिषाने होतात असे गांधीजींचे मत होते. अझरियांचे म्हणणे असे की दलितालाही मन आहे, सदसद्विवेक आहे, आणि देव निवडण्याचा हक्क आहे. तो त्याच्या वतीने दुसऱ्याने का नाकारावा? दोघांनाही अस्पृश्यता नको होती. पण अस्पृश्याला स्वतःच्या मुक्तीचा निर्णय स्वतः करता येतो की नाही, ह्यावर ते एकमेकांपासून दूर उभे होते. ह्या बाबतीत आमचा कौल अझरियांच्या बाजूने आहे हे आम्ही लपवीत नाही.

आता तो प्रश्न. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्याच्या परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपण हिंदू म्हणून मरणार नाही असे जाहीर केले. सर्व धर्मांचे लोक त्यांच्याकडे धावू लागले. अझरियांचीही त्यांच्याशी भेट झाली, आणि ती हकिकत त्यांच्या चरित्रात आली आहे. बाबासाहेबांनी त्यांना धर्मशास्त्र विचारले नाही. त्यांनी दोनच गोष्टी विचारल्या. आम्ही ख्रिस्ती झालो तर देशात कुठेही राहिलो तरी आम्ही सर्व एकाच मंडळीत असू काय? आणि जातीच्या विटाळातून आम्ही पूर्णपणे सुटू काय?

पहिला प्रश्न वकिली डोक्याचा होता, पण त्यात खोल अर्थ होता. मिशनांनी मुलूख वाटून घेतले होते. दोरनाकलचा मादिगा अँग्लिकन असे. तोच पोट भरायला नलगोंड्याला गेला तर बाप्टिस्ट, करीमनगरला गेला तर वेस्लियन, गुंटूरला गेला तर लुथरन व्हायचा. आपल्या इकडेही अहमदनगरचा ख्रिस्ती अमेरिकन मराठी मिशनचा आणि जालन्याचा स्कॉच मिशनचा, असेच होते. ज्या लाखो लोकांना एकत्र राहून बळ मिळवायचे होते ते असे वाटले जाणार होते. दुसऱ्या प्रश्नाला स्पष्टीकरणाची गरज नाही.

बिशप अझरियांना दोन्ही प्रश्नांना होय म्हणता आले नाही. आयुष्यात इतकी शरम आपल्याला कधी वाटली नव्हती असे त्यांनी नंतर बोलून दाखविले. ज्या माणसाने एडिनबरोला गोऱ्या बंधूंना आरसा दाखविला होता, त्याच्यापुढे पंचवीस वर्षांनी दुसऱ्या माणसाने आरसा धरला, आणि ते खोटे बोलले नाहीत. कुणी म्हणेल, थोडे सावरून घेऊन उत्तर देता आले असते. लाखो लोकांचा प्रश्न होता. आम्हीही कधी कधी तसे म्हटले असते. पण आम्हाला स्वतःचा एक प्रसंग आठवतो. काही वर्षांपूर्वी एका मंडळीत हंगामाच्या सणाचे प्रीतिभोजन होते. जेवण एकच, पातेलीही एकच, पण पंगती दोन बसल्या. कुणी सांगितले नव्हते. लोक आपोआप आपापल्या वस्तीप्रमाणे बसले. आम्ही उपदेश करून आलो होतो तो इफिसकरांस पत्रातल्या मोडलेल्या भिंतीवर. आम्ही पहिल्या पंगतीत बसलो, जेवलो आणि एक शब्दही बोललो नाही.

अझरिया नुसते लाजून राहिले नाहीत. ऐक्याचे काम तर त्यांनी फार आधी हाती घेतले होते. १९१९ च्या मे महिन्यात तरंगमबाडीला जी बैठक झाली तिच्यात ते प्रमुख होते, आणि जमलेल्यांपैकी जवळजवळ सर्व भारतीय होते. १९२७ साली लोझानच्या जागतिक परिषदेत त्यांनी पाश्चात्त्यांना समजावून सांगितले की तुमच्याकडे मंडळीतली फूट ही एक गैरसोय असेल, आमच्याकडे ते पाप आहे. जिथे जातीने आधीच माणसांचे तुकडे केले आहेत तिथे मंडळीने आणखी तुकडे करावेत काय? बाबासाहेबांच्या भेटीनंतर ह्या वाटाघाटींसाठी ते अधिक तळमळीने झटले. १९३९ च्या ६ जानेवारीला, प्रकटीकरणाच्या सणादिवशी, दोरनाकलच्या महामंदिराचे समर्पण झाले. १ जानेवारी १९४५ रोजी, अल्पशा आजारानंतर, दोरनाकल येथेच ते प्रभूकडे गेले. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासला चर्च ऑफ साउथ इंडिया स्थापन झाली. पहिल्या प्रश्नाचे निदान दक्षिणेपुरते अर्धे उत्तर तयार झाले, ते पाहायला ते नव्हते. दुसऱ्या प्रश्नाची वाट बाबासाहेबांनी पाहिली नाही. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी आपल्या लाखो अनुयायांसह बुद्धाला शरण जाण्याचा मार्ग धरला.

पैनगंगेकाठच्या एका गावी आम्ही ही हकिकत घरसभेत सांगितली. वीसेक माणसे होती. कंदिलाचे दिवस गेले, आता बल्ब असतो, पण त्या रात्री वीज नव्हती. सांगून झाल्यावर एका वृद्ध मावशींनी विचारले, आंबेडकरसाहेबांकडून घरी आल्यावर बिशपसाहेबांनी दुसऱ्या दिवशी काय केले हो? आम्हाला ठाऊक होते तेवढे आम्ही सांगितले. ते पुन्हा खेड्यांत फिरू लागले. माला आणि मादिगा दोघांच्या वस्त्यांत राहिले, दोघांना एका रांगेत गुडघे टेकायला लावून दृढीकरण देत राहिले. मावशींनी मान हलविली. मग त्या उठल्या, आणि दारापाशी बसलेल्या दोन बायांना, ज्या नेहमी दारापाशीच बसतात, त्यांनी आत आपल्या शेजारी चटईवर जागा करून दिली. चहा आला तेव्हा कप कमी पडले. म्हणून सर्वांनी आळीपाळीने घेतला.